वजनकाट्याला न दिसणारी भूक

स्मरणिकेचे पान इतिहासाच्या शिक्षकाला दिले की तो संस्थेचा पूर्वेतिहास सांगणार, असे वाचक गृहीत धरतो. तो इतिहास या अंकात माझ्याहून अधिक अधिकारी व्यक्तींनी लिहिला असेल. मला येथे लिहायचे आहे ते आपल्या भोजनगृहाविषयी. संस्थेच्या अहवालात त्याच्या वाट्याला बहुधा खर्चाची एक ओळ येते. माझ्या मते निवासी शाळेतील मुलाचे भवितव्य जितके वर्गात घडते, तितकेच ते भोजनगृहात घडते. हे केवळ भावनेचे विधान नाही. गेल्या शतकातील इतिहास आणि वैद्यक या दोन्हींचा त्याला आधार आहे.

आरंभ इतिहासापासून करतो. पाठ्यपुस्तकात १९१८ हे साल पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीचे म्हणून येते. मुंबई इलाख्यातील सामान्य माणसाच्या दृष्टीने मात्र ते मानमोडीच्या तापाचे, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीचे साल होते. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेली ही साथ सप्टेंबर-ऑक्टोबरात भीषण झाली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. मुंबई शहराच्या आरोग्य खात्याने त्या काळी मृत्यूंची नोंद समाजनिहाय केली होती. दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२, आणि सरकारी कागद ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणत, त्यांच्यात ६१.६ होते.

हे आकडे मी दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहितो आणि मुलांना एकच प्रश्न विचारतो: विषाणूला जात ठाऊक असते काय? अर्थातच नसते. मग हजारामागे आठ आणि हजारामागे एकसष्ट, हे अंतर कोठून आले? दाटीवाटीच्या चाळी, औषधोपचारांचा अभाव आणि आजारपणातही न चुकणारी मजुरी ही कारणे होतीच. त्याच वर्षी पाऊस फसला होता आणि धान्याचे भाव कडाडले होते. ही सारी कारणे एकमेकांत गुंतलेली होती. परंतु त्यांतील एक कारण शरीराच्या बाहेर नव्हते, आतच होते. साथ आली तेव्हा तिच्याशी लढणारे सैन्य काही शरीरांत आधीच निःशस्त्र झालेले होते. ते निःशस्त्रीकरण नेमके कसे होते, हे गेल्या शंभर वर्षांत विज्ञानाने बरेच उलगडले आहे. ते प्रत्येक पालकाला आणि शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

कुपोषण म्हणजे मूल बारीक असणे, अशी आपली समजूत असते. बारीकपणा हे केवळ बाहेरून दिसणारे लक्षण आहे. शरीराला मिळणारी ऊर्जा आणि प्रथिने कमी पडू लागली की शरीर काटकसरीने कारभार चालवू लागते. हृदय, मेंदू आणि श्वास यांचा खर्च थांबवता येत नाही. म्हणून ज्या खात्यांचा खर्च ‘उद्यावर’ ढकलता येतो, त्यांना कात्री लागते. वाढ हे त्यांतील पहिले खाते आणि रोगप्रतिकार हे दुसरे. उंची खुंटलेली आपल्याला दिसते. प्रतिकारशक्तीला लागलेली कात्री मात्र कोणत्याही वजनकाट्यावर दिसत नाही.

आपल्या छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूस थायमस नावाची एक ग्रंथी असते. शरीराच्या मानाने ती बालपणी सर्वांत मोठी असते आणि पौगंडावस्थेनंतर हळूहळू आक्रसत जाते. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ज्यांना टी-पेशी म्हणतात, त्यांची ही निवासी शाळाच होय. अस्थिमज्जेत जन्मलेल्या अपक्व पेशी येथे येतात. परका कोण आणि आपला कोण, हे ओळखण्याची त्यांची येथे परीक्षा होते. ज्यांना ओळख पटवता येत नाही त्या, आणि ज्या आपल्याच शरीरावर उलटतील त्याही, येथेच बाद होतात. शेकड्यातील मोजक्याच उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात आणि पुढे आयुष्यभर शरीराचे रक्षण करतात. क्षयाचे जंतू, गोवराचे विषाणू, बुरशीचे संसर्ग यांच्याशी होणाऱ्या लढाईची सूत्रे प्रामुख्याने या टी-पेशींच्या हाती असतात.

उपासमारीचा घाव या ग्रंथीवर फार लवकर बसतो. जॉन सायमन या इंग्रज शल्यविशारदाने १८४५ मध्येच थायमसवरील आपल्या निबंधात, पोषण घटले की ही ग्रंथी झिजते, हे नोंदवून ठेवले होते. त्यामागची यंत्रणा आज कळली आहे. शरीरातील चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक कमी होते. हे संप्रेरक म्हणजे ‘कोठारात धान्य आहे’ असा प्रतिकार-पेशींना मिळणारा निरोप होय. तो निरोप थांबतो आणि त्याच वेळी ताणाच्या प्रसंगी स्रवणारे कॉर्टिसोल वाढते. या दोन्हींच्या परिणामी थायमसमधील अपक्व पेशी मोठ्या संख्येने मरू लागतात. अतितीव्र कुपोषणात ग्रंथी इतकी आक्रसते की, शस्त्रक्रियेने ती काढूनच टाकली आहे असे वाटावे. जस्ताची कमतरता असेल तर आणखी भर पडते, कारण थायमसमधून स्रवणारे थायम्युलिन हे संप्रेरक जस्ताशिवाय निष्क्रिय राहते.

इतर पेशींची कथाही अशीच आहे, परंतु तिच्यात एक फसवेपणा आहे. जंतूंना गिळणाऱ्या न्यूट्रोफिल नामक पेशींची संख्या कुपोषित मुलात पुष्कळदा नेहमीइतकी किंवा त्याहून अधिक असते. उणी पडते ती गिळलेल्या जंतूला ठार करण्याची त्यांची क्षमता. पहारेकरी फाटकावर उभा आहे, पण त्याची बंदूक रिकामी आहे, असा हा प्रकार होय. रक्तातील प्रतिपिंडांचे एकूण प्रमाणही बहुधा ठीक दिसते. मात्र लाळ, अश्रू आणि आतड्याचा स्राव यांत राहून दारातच जंतूंना अडवणारे आयजीए जातीचे प्रतिपिंड कमी होतात. जंतूंवर खूण करून त्यांना भक्षक पेशींच्या हवाली करणारी ‘कॉम्प्लिमेंट’ ही रक्तातील प्रथिनेही घटतात, कारण प्रथिनांपासून प्रथिने बनवायची तर आधी पानात प्रथिने हवीत. आतडे आणि श्वासमार्ग यांचे श्लेष्मल आवरण पातळ व सच्छिद्र होते. अ जीवनसत्त्वाची कमतरता या आवरणावर विशेष आघात करते. अल्फ्रेड सोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील आचे प्रांतात केलेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अ जीवनसत्त्वाचे डोस मिळालेल्या गावांतील बालमृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले, ते याच कारणाने लक्षणीय ठरले.

याचा परिणाम असा की भूक आणि आजार हे एकमेकांना ओढत खाली नेतात. नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन या तिघांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात हे दुष्टचक्र सविस्तर मांडले. त्यांतील टेलर यांचा जन्म भारतातला. पंजाबातील नारंगवालच्या गावांत त्यांनी पुढे याच प्रश्नावर दीर्घ काळ काम केले. कुपोषित मुलाला जुलाब लवकर लागतात. जुलाबात अन्न पचत नाही आणि भूक मरते. ताप आला की शरीर स्वतःच्या स्नायूंतील प्रथिने जाळू लागते. मूल बरे होते, तेव्हा ते आजारापूर्वीपेक्षा एक पायरी खाली आलेले असते, आणि पुढचा संसर्ग त्याला त्या खालच्या पायरीवर गाठतो. पाच वर्षांखालील बालकांच्या जगातील एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांशी कुपोषणाचा संबंध आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या मृत्यूंच्या दाखल्यावर मात्र ‘भूक’ असे लिहिलेले नसते. तेथे न्यूमोनिया असतो, अतिसार असतो, गोवर असतो. भुकेचे नाव दाखल्यावर येत नाही, म्हणूनच तिच्यावर खटला भरला जात नाही.

यातून पालकांसाठी निघणारी एक गोष्ट आवर्जून सांगतो. ताप हे प्रतिकार चालू असल्याचे लक्षण असते. अतितीव्र कुपोषित मुलाच्या शरीरात ताप आणण्याचेही त्राण नसते. त्यामुळे गंभीर संसर्ग असूनही अंग गार लागते. ‘ताप नाही, म्हणजे बरे आहे’ हा हिशेब अशा मुलाच्या बाबतीत जिवावर बेततो. मूल सुस्त पडले, खाईनासे झाले, अंग थंड पडू लागले, तर ताप येण्याची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे. क्षयरोगाच्या निदानासाठी हाताच्या कातडीत जी चाचणी टोचतात, तीही कुपोषित मुलात फसवू शकते. चाचणीची गाठ टी-पेशींमुळे उठते. पेशीच दुबळ्या असतील तर क्षय असूनही गाठ उठत नाही. आणि मूल अशक्त आहे म्हणून लस पुढे ढकलणे ही तर उलटीच नीती होय. बहुतेक टोचून द्यायच्या लशींना अशक्त मुलांची शरीरेही पुरेसा प्रतिसाद देतात, आणि लशीची सर्वाधिक गरज त्यांनाच असते.

आता या लेखाच्या गाभ्याच्या मुद्द्याकडे येतो. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात, कोचाबांबा शहरात, फ्रेंच आणि बोलिव्हियन संशोधकांनी १९९० च्या दशकात एक मार्मिक निरीक्षण केले. अतितीव्र कुपोषणामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांची थायमस ग्रंथी ते ध्वनिलहरींच्या यंत्राने, म्हणजे सोनोग्राफीने, नियमित मोजत राहिले. योग्य आहार मिळाल्यावर सुमारे एका महिन्यात मुलांचे वजन उंचीच्या मानाने पूर्ववत झाले. प्रचलित रीतीप्रमाणे मूल ‘बरे’ झाले आणि घरी पाठवण्यायोग्य ठरले. त्यांच्या थायमस ग्रंथीला आणि टी-पेशींना पूर्वपदावर यायला मात्र सुमारे दोन महिने लागले. म्हणजे वजनकाटा ज्या दिवशी निरोप देतो, त्या दिवशी मुलाची प्रतिकारशक्ती अर्ध्या वाटेवरच असते. त्या अवस्थेत ते जुन्याच घरी, जुन्याच पाण्याकडे आणि जुन्याच रिकाम्या डब्याकडे परतते. अशी मुले पुन्हा का आजारी पडतात, याचे कोडे येथे उलगडते. आहारासोबत जस्त दिले असता प्रतिकारशक्ती अधिक लवकर सावरते, असेही त्याच संशोधकांना आढळले.

मला या निरीक्षणात निवासी शाळेसाठी मोठा धडा दिसतो. आपल्याकडे जूनमध्ये प्रवेश घेणारी अनेक मुले ऊसतोडीच्या फडावरून, वीटभट्टीवरून, कोरडवाहू शिवारातून येतात. ऑगस्टपर्यंत त्यांचे गाल भरतात आणि आपण समाधान मानतो. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी जाते. आईवडील फडावर निघण्याच्या तयारीत असतात आणि घरात धान्य मोजके असते. सुट्टीनंतर मूल परत येते ते खोकला घेऊन, खरूज घेऊन. आपण त्याला हवापाणी बदलल्याचा दोष देतो. खरे पाहता दोष आपल्या मोजमापाचा आहे. पोषणात सातत्य हवे. दोन महिने भरपेट आणि एक महिना अर्धपोटी, असा हिशेब शरीर सरासरीने चालवत नाही.

‘उत्तम अन्न हे औषध आहे’ हे वाक्य आपण सुविचारांच्या फळ्यावर लिहितो. ते अक्षरशः सिद्ध करणारा एक प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. झारखंडमधील चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या घरातील सुमारे दहा हजार माणसांचा अभ्यास केला. रुग्णाला सर्वच घरांत शिधा मिळाला. निम्म्या गटांत मात्र कुटुंबातील इतर सदस्यांनाही दरमहा, प्रौढ माणसामागे ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी, आणि फुफ्फुसातील जंतू तपासणीत सापडणाऱ्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाले. यात कोणतीही नवी लस नव्हती, कोणतेही महागडे औषध नव्हते. तांदूळ होता आणि डाळ होती. आमटी पातळ करण्यापूर्वी प्रत्येक वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने हे आकडे एकदा वाचावेत.

महाराष्ट्राची स्थिती काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या पाच वर्षांखालील बालकांचे प्रमाण राज्यात २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर आले. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनची २००५ मधील स्थापना आणि अंगणवाड्यांचे काम यांचे श्रेय या काळाला द्यायला हवे. परंतु २०१९-२० च्या फेरीत हा आकडा ३५.२ टक्के निघाला. म्हणजे घसरण थांबली. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली बालके दोन्ही वेळा २५.६ टक्के, म्हणजे दर चारांत एक. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्क्यांमध्ये रक्तक्षय आढळला. देशपातळीवर खुंटलेल्या उंचीचे प्रमाण अनुसूचित जमातींत सुमारे ४१ टक्के, अनुसूचित जातींत ३९ टक्के आणि आरक्षणाबाहेरील समाजांत ३० टक्के आहे. १९१८ च्या तक्त्याशी या तक्त्याचे नाते सांगायला इतिहासाची पदवी लागत नाही. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली ही नावे दर पावसाळ्यात वृत्तपत्रांत येतात आणि दर हिवाळ्यात विसरली जातात.

येथे एक आक्षेप मला माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांतून वारंवार ऐकू येतो, आणि तो आपुलकीनेच घेतला जातो. ‘आम्ही शिळी भाकरी आणि चटणी खाऊन शिकलो. आमचे काय बिघडले? आजच्या मुलांना एवढे लाड कशाला?’ आपल्या पिढीच्या जिद्दीला वंदन करूनही या युक्तिवादातील उणीव दाखवली पाहिजे. मेळाव्याला जे येतात, ते जगलेले असतात. जे दुसरीत असताना गोवराने गेले, जी मुलगी पाचवीत खोकत घरी गेली आणि परतली नाही, त्यांची नावे माजी विद्यार्थ्यांच्या यादीत नसतात. जगलेल्यांना विचारून भुकेचा ताळेबंद मांडता येत नाही. आपल्या घराघरांत पूज्य असलेल्या माता रमाईंनी पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गमावली. एकटे यशवंतराव वाचले. एवढ्या विद्वानाच्या घरातही जर हे घडले, तर त्या काळच्या वस्त्यांतील मातांच्या वाट्याला काय आले असेल? आपण ज्याला काटकपणा म्हणतो, तो पुष्कळदा वाचलेल्यांचा योगायोग असतो.

दुसऱ्या टोकाचा निराशावादही टाळला पाहिजे. पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बियाच्या काही खेड्यांत १९४९ पासून जन्म-मृत्यूंच्या काटेकोर नोंदी ठेवलेल्या आहेत. उपासमारीच्या पावसाळी हंगामात जन्मलेल्यांत, सुगीत जन्मलेल्यांपेक्षा, तरुणपणी अकाली मृत्यूचे प्रमाण कितीतरी अधिक असल्याचे त्यांतून दिसले. बांगलादेशातील तशाच अभ्यासात मात्र असा संबंध आढळला नाही. तात्पर्य असे की, गर्भातील आणि पहिल्या दोन वर्षांतील भूक खोलवर ठसा उमटवू शकते, परंतु ती ललाटरेषा नव्हे. उंचीचे झालेले नुकसान पुढे पूर्ण भरून येणे कठीण असते. प्रतिकारशक्ती मात्र योग्य आहाराने मोठ्या प्रमाणात सावरते. आपल्याकडे आलेले मूल कोठून आले, हे आपल्या हाती नसते. पुढची पाच-सात वर्षे त्याच्या पानात काय पडते, हे आपल्या हाती असते.

आपल्या पूर्वसूरींना हे उमगले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. डॉ. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीला बसवले. या सर्वांनी पाटीच्या शेजारी ताट ठेवले, हा योगायोग नव्हता. उपाशी मुलाला समतेचा पाठ शिकवता येत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देताना, प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, अशी भूमिका घेतली होती. मुलाचे पोषण आईच्या पोषणापासून सुरू होते, हे आजचे विज्ञान त्याच भूमिकेला पुष्टी देते. महाडच्या चवदार तळ्याचा लढा हा मानवी प्रतिष्ठेचा लढा होता, हे आपण जाणतोच. स्वच्छ पाणी ज्याला नाकारले जाते, त्याचे आतडे पुन्हा पुन्हा संसर्गाने सोलवटते आणि खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही, हा त्या अन्यायाचा शारीरिक अर्थही आज आपण ओळखला पाहिजे. भारतीय संविधानाच्या ४७व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. म्हणून निवासी शाळेतील जेवण हे दान नव्हे आणि उपकारही नव्हेत. जो हक्काच्या पंगतीला बसतो, त्याला वाढणाऱ्याने हात आखडता घेऊ नये.

शासनाने हात आखडला तर बोललेही पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद करण्यात आला. तामिळनाडूत मात्र शाळेच्या प्रत्येक दिवशी मुलांच्या पानात अंडे पडते. उत्तम दर्जाची प्रथिने, जस्त, अ आणि ब-१२ जीवनसत्त्व एका कवचात, भेसळ न करता येण्याजोग्या रूपात, इतक्या स्वस्तात दुसऱ्या कशातून मिळतात? ज्यांना अंडे नको, त्यांना दूध, शेंगदाणे, डाळ जरूर द्यावी. परंतु कोणाच्या तरी पावित्र्याच्या कल्पनेसाठी कोणाच्या तरी मुलाची थायमस ग्रंथी वाळू देणे, हे मला मान्य नाही.

आता आपल्या घरचा प्रश्न. महोत्सवी निधीतून भव्य प्रवेशद्वार उभारावे, असा विचार काही स्नेह्यांनी मांडला आहे. त्यामागचा अभिमान मी समजू शकतो. तरीही माझे नम्र पण स्पष्ट मत असे की, हा निधी प्रथम स्वयंपाकघर, धान्याचे कोठार, शुद्ध पाणी, हात धुण्याची जागा आणि आजारी मुलांसाठी वेगळी खोली यांवर खर्च व्हावा. त्यातूनच एक कायम ठेव राखावी आणि तिच्या व्याजातून प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून किमान तीन अंडी किंवा तितक्याच मोलाचा पर्याय, आणि रोज घट्ट वरण, मोड आलेले कडधान्य, एक हिरवी पालेभाजी व मूठभर शेंगदाणे मिळावेत. पेरू आणि लिंबू तर आपल्या आवारात पिकू शकतात.

याखेरीज चार साध्या गोष्टी शिक्षकांनी कराव्यात. पहिली, प्रत्येक मुलाची उंची आणि वजन प्रवेशाच्या दिवशी, दर महिन्याला, आणि विशेषतः प्रत्येक सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात नोंदवावे. दुसरी, वजन सुधारले तरी वाढीव आहार आणखी किमान दोन महिने चालू ठेवावा. बोलिव्हियातील त्या मुलांनी आपल्याला हाच धडा दिला आहे. तिसरी, लसीकरणाची कार्डे तपासावीत, दहा आणि सोळा वर्षांच्या वयात द्यावयाची टीडीची लस चुकू देऊ नये, आणि जंतनाशक गोळ्यांचा दिवस पाळावा. चौथी, दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा सतत घटणारे वजन दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता आरोग्य केंद्र गाठावे. लोहाच्या किंवा अन्य गोळ्या अतिअशक्त मुलाला मनाने देऊ नयेत. संसर्ग आटोक्यात येण्यापूर्वी दिलेले लोह हानीही करू शकते, म्हणून तो निर्णय डॉक्टरांचा असावा.

पालकांना माझी विनंती आहे की, मूल सुट्टीत घरी येते तेव्हा त्याच्या ताटाकडे शाळेइतकेच लक्ष असू द्यावे आणि मुलीचे ताट मुलाच्या ताटाइतकेच भरावे. आजची मुलगी उद्याची माता आहे, म्हणून नव्हे. ती आज भुकेली आहे, एवढे कारण पुरेसे आहे. माजी विद्यार्थी मित्रहो, आपणांस विनंती आहे की निधीची पावती फाडण्यापूर्वी एकदा दुपारी अकस्मात यावे, मुलांच्या पंगतीत बसावे आणि आमटीत डाळ किती आहे ते स्वतः पाहावे. प्रवेशद्वाराचा निर्णय त्या जेवणानंतर आपण सर्व मिळून करू.